बासनातले कागद आणि मोडीचा कित्ता



पाचोडच्या बाजारात मोसंबीचा सौदा होतो, तेव्हा जाणता व्यापारी फळ हातात घेतो, फिरवून पाहतो, वजन जोखतो आणि मगच भाव बोलतो. माल न पाहता बोली लावणारा फार काळ तग धरत नाही. बाजारात इतका चोखंदळ असणारा आपला समाज घरातल्या एका मालाच्या बाबतीत मात्र कमालीचा बेफिकीर राहिला आहे. जुन्या वाड्याच्या माळ्यावर, धान्याच्या कणगीमागे किंवा देवघराच्या कोनाड्यात खारव्याच्या लाल कापडात बांधलेले एक गाठोडे असते. आजोबांनी ते जपले, कारण त्यांच्या वडिलांनी जपले होते. वडिलांनी ते उघडले नाही, कारण उघडूनही वाचता येणार नव्हते. मग एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत घरातली सूनबाई ते खाली काढते आणि विचारते, "याचे काय करायचे?" या प्रश्नाला घरात कोणाकडेही उत्तर नसते.

पुढचा प्रवास ठरलेला असतो. काही गाठोडी वाळवीच्या मुखी पडतात, काही रद्दीच्या तराजूत जातात आणि काही मोठ्या भक्तिभावाने गोदामाईच्या पात्रात सोडली जातात. 'बासनात गुंडाळून ठेवणे' हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. पण या बासनात नेमके काय गुंडाळले आहे, हे पाहण्याची बुद्धी क्वचितच होते. त्यात जमिनीचे वतनपत्र असेल, गावच्या शिवेचा निवाडा असेल, लग्नातला देण्याघेण्याचा हिशेब असेल, नाहीतर काशीयात्रेला निघालेल्या पणजोबांचे खुशालीचे पत्र असेल. पूर्वजांनी लिहून ठेवले आणि वंशजांना वाचता येईना, अशी ही अवस्था आहे. त्यामागचे कारण एका लिपीच्या विस्मरणात आहे. ती लिपी म्हणजे मोडी.

देवगिरीच्या अंगणातली लिपी

मोडीचा विचार पैठण तालुक्यात करावा, यात विशेष औचित्य आहे. परंपरा या लिपीचे नाते देवगिरीच्या यादवांचा करणाधिप हेमाद्री, म्हणजे लोकांच्या तोंडचा हेमाडपंत, याच्याशी जोडते. महादेव यादव आणि रामदेवराव यांच्या काळात, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, राज्याचे दफ्तर त्याच्या हाती होते. त्याने ही लिपी लंकेहून आणली, अशी आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिकेला आख्यायिकेचे स्थान द्यावे; तिला पुराव्याचा आधार नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी वेगळी उपपत्ती मांडली. फार्सीत जलद लेखनासाठी जी 'शिकस्ता' म्हणजे 'मोडलेली' लिपी वापरत, तिच्यावरून 'मोडी' हे नाव पडले असावे, असे त्यांचे म्हणणे. उगमाबद्दल विद्वानांत मतभेद असले, तरी एक गोष्ट निर्विवाद आहे. कित्येक शतके मराठी माणसाचा दैनंदिन व्यवहार या लिपीत चालला. पोथी बाळबोधीत आणि व्यवहार मोडीत, अशी कामाची वाटणीच ठरून गेली होती.

या वाटणीमागे व्यवहारी शहाणपण होते. बाळबोध अक्षर लिहिताना हात पुनःपुन्हा उचलावा लागतो. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता त्या रेघेखाली अक्षरांची साखळी गुंफत जाई. वेलांटी एकच, दीर्घ. उकार एकच, ऱ्हस्व. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, विरामचिन्हे द्यायची नाहीत. ओळ संपली की शब्द अर्ध्यावर तोडून पुढच्या ओळीत न्यायचा. कागद महाग होता आणि वेळ त्याहून महाग होता. स्वार दाराशी उभा असताना खलिता पुरा करायचा, तर दुसरी सोय नव्हती.

हीच लिपी शिवछत्रपतींच्या दफ्तरात बाळाजी आवजी चिटणीसांच्या हाताखाली डौलदार झाली. पेशवाईत ती देशभर फिरली. तंजावरच्या भोसल्यांनी ती कावेरीकाठी नेली, आणि आजही तिथल्या मराठी दफ्तराचे मोडी कागद अभ्यासकांची वाट पाहत आहेत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी त्यांतून निवड करून १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड सिद्ध केले. हे काम प्रचंड खरे, पण त्या सागरातून काढलेली ती एक घागरच होती.

मग छापखाना आला. छपाईला बाळबोध सोयीची पडली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांच्या अभ्यासक्रमातून मोडी गेली. आजोबांची सही मोडीत, वडिलांची बाळबोधीत आणि नातवाची इंग्रजीत, हे चित्र कित्येक घरांत पाहायला मिळाले. तीन पिढ्यांत दार बंद झाले आणि किल्ली कुठे ठेवली, तेही विसरले गेले.

कित्ता गिरवताना

ही किल्ली पुन्हा घडवता येते. मोडी शिकणे हे केवळ पंडितांचे काम आहे, हा समज चुकीचा आहे. मराठी मातृभाषा असलेल्या, चिकाटीच्या माणसाला काही आठवड्यांत अक्षरओळख होते. वाचनाचा सराव मात्र वर्षानुवर्षे चालू राहतो. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे, तसेच पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांतून मोडीचे वर्ग भरत आले आहेत. राजवाड्यांनी सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्या साहाय्याने १९१० साली हे मंडळ स्थापन केले, ते मुळात असे कागद गोळा करावेत आणि वाचावेत यासाठीच.

शिकण्याचा पहिला नियम असा की डोळ्याआधी हाताने शिकावे. जुन्या शाळेत पंतोजी मुलांकडून कित्ता गिरवून घेत. मोडीला तोच मार्ग लागू पडतो. अक्षर कुठून सुरू होते, कुठे वळते आणि पुढच्या अक्षराला कसे बिलगते, हे हाताला कळले की कागदावरचे जाळे आपोआप सुटू लागते. नुसते तक्ते पाहून पाठ करणारा पहिल्याच अस्सल कागदापुढे अडखळतो. कारण तक्त्यातले अक्षर एकटे उभे असते आणि कागदातले शेजाऱ्याचा हात धरून येते.

दुसरा नियम म्हणजे जवळून दूर जावे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी अमदानीचे कागद आधी घ्यावेत, मग पेशवाईचे आणि अखेर शिवकालीन. काळ बदलला की वळण बदलते. चिटणीशी, बिवलकरी अशी वळणांची नावेच पडली आहेत. शिवाय माणसागणिक हात वेगळा. एका लेखकाचे दहा कागद सलग वाचले, म्हणजे त्याचा हात ओळखीचा होतो आणि अकरावा कागद बोलू लागतो.

तिसरा नियम, ओळखीची जागा धरून चालावे. जुन्या पत्राला ठरलेला साचा असतो. माथ्यावर 'श्री', मग मायना, मग मजकूर आणि शेवटी 'बहुत काय लिहिणे', 'हे विनंती' किंवा 'जाणिजे'. हे शब्द प्रत्येक कागदात येणारच, म्हणून आधी ते शोधावेत. त्यांतून त्या लेखकाचा 'ह', 'ज', 'ल' कसा आहे हे कळते आणि त्याच अक्षरांच्या आधाराने अनोळखी शब्द सोडवता येतो. 'राजश्री', 'मौजे', 'परगणे' असे शब्द पुरे न लिहिता आद्याक्षर आणि पुढे दोन उभे दंड, एवढ्यावर भागवलेले असतात. आकड्यापुढे मात्र तेच दंड अपूर्णांक दाखवतात. एक दंड पाव, दोन दंड अर्धा, तीन दंड पाऊण. एकाच खुणेची दोन कामे, आणि ती कुठे आली आहे हे पाहूनच उमगणारी.

तारखेचे कुलूप

नवशिक्याला सर्वांत जास्त घाम फोडते ती तारीख. जुन्या कागदात सन आकड्यांत नसतो, अरबी संख्यावाचक शब्दांत असतो आणि तोही एककापासून चढत जातो. समजा, कागदावर 'सु॥ इहिदे सितैन मया व अलफ' असे आले. 'सु॥' म्हणजे सुहूर सन. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११६१. हा सन मृगाला, म्हणजे शेतकऱ्याचे वर्ष सुरू होते तेव्हा बदलतो. त्यात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवले की इसवी सन हाती येतो. म्हणजे जून १७६० ते जून १७६१. हे वर्ष मराठी माणसाला सांगावे लागत नाही. शके १६८२ च्या पौष शुद्ध अष्टमीला, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतावर जे घडले ते याच वर्षात. चार परके शब्द उलगडले आणि समोरचा पिवळा कागद पानिपताच्या वर्षातला निघाला, तर वाचणाऱ्याच्या अंगावर काटा उभा राहतो. त्याआधी 'छ' हे अक्षर आणि एक आकडा दिसला, तर तो चंद्राचा दिवस समजावा आणि पुढे मोहरम, सफर, रबिलावल यांपैकी महिना शोधावा.

लिपी उलगडली तरी भाषा उरते. महजर, इनाम, तनखा, जकात, सरंजाम असे फार्सी-अरबी शब्द व्यवहारात रुळलेले होते. त्यांना संस्कृत पर्याय देण्यासाठी शिवछत्रपतींनी रघुनाथ पंडितांकरवी 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. पण तो कोश उपयोगी पडतो तो दोन्ही बाजूंनी; फार्सी शब्द टाळू पाहणाऱ्याला आणि आज त्या शब्दांचा अर्थ शोधणाऱ्यालाही. जुना कागद जसा आहे तसा समजून घ्यायचा, तर त्यातल्या कोणत्याही शब्दाशी वैर धरून चालत नाही.

'ध'चा 'मा' होऊ नये म्हणून

लिपी शिकण्याहून कठीण अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे प्रामाणिक वाचन. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या आज्ञेतील 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' करण्यात आले, अशी कथा लोकमानसात रुजली आणि 'ध'चा 'मा' करणे हा वाक्प्रचार मराठीत कायमचा बसला. ती कथा शब्दशः खरी मानण्यास अभ्यासक कचरतात. पण तिच्यातला धडा खरा आहे. एका अक्षराने माणसाचा जीव जाऊ शकतो. चुकीच्या वाचनाने इतिहासाचा जीव जातो, एवढाच फरक.

मोडीत शब्द तोडणे वाचणाऱ्याच्या हाती असते. 'करुनये' अशी अक्षरे सलग आली, तर ती 'करू नये' अशी वाचायची की 'करून ये' अशी? एकात मनाई आहे, दुसऱ्यात आज्ञा. मागचा-पुढचा संदर्भ पाहिल्यावाचून निर्णय करता येत नाही. आणि इथेच मोह आड येतो. ज्याच्या मनात उत्तर आधीच ठरले आहे, त्याला कागदात तेच दिसते. कोणाला आपल्या घराण्याचा पराक्रम दिसतो, कोणाला आपल्या वतनाचा हक्क दिसतो, तर कोणाला प्रतिपक्षाचे पाप. म्हणून लिप्यंतराची शिस्त पाळावी. मूळ ओळ जिथे तुटते तिथेच तोडावी. लेखकाचे शुद्धलेखन सुधारू नये. न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंबे द्यावीत, शंकास्पद शब्दापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे. 'हे अक्षर लागत नाही' असे लिहिण्यात कमीपणा नाही. लागत नसताना लागले असे दाखवण्यात आहे.

या शिस्तीचा आदर्श पैठणनगरीतच आहे. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली शके १२१२ मध्ये. त्यानंतर जवळजवळ तीन शतके ती हस्तलिखितांतून नकलली जात राहिली आणि पाठ बिघडत गेले. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, संत एकनाथांनी तिचा शुद्ध पाठ सिद्ध केला. नाथ स्वतः समर्थ कवी होते. मनात आणते तर एखादी ओवी सहज भर घालू शकले असते. त्यांनी तसे केले नाहीच, उलट यात आपली ओवी घुसडू नका, असे पुढच्यांना बजावून ठेवले. प्रतिभा असूनही मूळ ग्रंथापुढे हात जोडून उभे राहण्याची ही वृत्ती जुन्या कागदाच्या प्रत्येक वाचकाने नाथांकडून घ्यावी.

एका टिपणाचे मोल

प्रामाणिकपणे वाचलेला एक कागद काय करू शकतो, याचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. शिवछत्रपतींचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे इ.स. १६२७ मध्ये झाला, असे पूर्वी मानले जाई. कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात सालवार नोंदींचे एक हस्तलिखित टिपण पिढ्यान्पिढ्या जपलेले होते. ते लोकमान्य टिळकांच्या हाती आले आणि १९१६ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्यात जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० अशी निघाली. राजस्थानात सापडलेल्या एका जुन्या जन्मकुंडलीने तिला दुजोरा दिला. वाद दीर्घकाळ चालला. अखेर २००१ साली राज्य शासनाने १९ फेब्रुवारी ही तारीख निश्चित केली. जेधे घराण्याने ते टिपण रद्दीत घातले असते तर? आज गावोगाव ज्या दिवशी भगवे ध्वज लागतात, तो दिवस एका देशमुखी बासनातून बाहेर आलेला आहे.

असे कागद केवळ राजे-सरदारांचे नसतात. गावचा तंटा गोतसभेपुढे येई, तेव्हा निवाड्याचा महजर होई. त्यावर पाटील आपली निशाणी म्हणून नांगर काढी. कुलकर्णी, बलुतेदार यांच्याही निशाण्या पडत. शिवेच्या वादात महारांची साक्ष मोलाची मानली जाई, कारण गावची शीव त्यांच्या पायाखालची होती. ज्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत, ती माणसे या कागदांत साक्षीदार म्हणून उभी आहेत. गावगाड्यातील सहकार्य त्यांत दिसते तसा अन्यायही दिसतो. दोन्ही वाचण्याची तयारी हवी.

मराठवाड्याची दुहेरी अडचण

मराठवाड्यात ही अडचण दुप्पट आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामी राजवटीत होता. राज्यकारभाराची भाषा आधी फार्सी आणि १८८० च्या दशकापासून उर्दू. गावचा कुलकर्णी मोडीत लिहिणार आणि वरचे दफ्तर उर्दू-फार्सीत चालणार, अशी इथली रीत. म्हणून मराठवाड्याचा इतिहास वाचायला दोन किल्ल्या लागतात. निलंग्यात १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी निजामी राज्यात सनदी नोकरीत होते. त्यांनी फार्सी आत्मसात केली आणि मोगल काळाची साधने मराठी वाचकापुढे ठेवली. २०२५ साली निवर्तलेले गजानन भास्कर मेहेंदळे यांनी तर शिवचरित्रासाठी मोडीबरोबर फार्सी साधनेही मुळातून अभ्यासली. परकी लिपी शिकल्याने स्वत्व उणे होत नाही. शत्रूने आपल्याविषयी काय लिहिले हे मुळातून वाचता येणे हे सामर्थ्यच आहे.

या अडचणीची किंमत अगदी अलीकडे कळून आली. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातील जुन्या अभिलेखांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तहसील कचेऱ्यांतून जुनी बाडे बाहेर आली. त्यांत मोडी होती, उर्दू होती, फार्सी होती. वाचणारे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, त्या दिवसांनी एक धडा सर्वांना दिला. ज्या लिपीला कालबाह्य ठरवून शाळेतून काढले, तिच्यातील एका शब्दावर हजारो कुटुंबांचे भवितव्य अवलंबून राहिले. वाचणाऱ्याच्या सचोटीवर समाजाला विसंबावे लागले.

उद्यापासून काय करता येईल

यंत्र हे काम करील, असे आता म्हटले जाते. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले आणि संगणकाची वाट मोकळी झाली. २०२५ मध्ये रुडकीच्या आयआयटीतील संशोधकांनी मोडी कागदांच्या दोन हजारांहून अधिक प्रतिमा आणि त्यांचे देवनागरी लिप्यंतर यांच्या आधारे यंत्राला मोडी वाचायला शिकवण्याचा उपक्रम पुढे आणला. हे स्वागतार्ह आहे. पण यंत्राला शिकवण्यासाठीही आधी माणसाने अचूक वाचलेला कागद लागतो, आणि यंत्राने वाचलेले बरोबर की चूक, हे सांगायलाही जाणकार माणूसच लागतो.

तोवर प्रत्येक घराला करता येण्याजोगी कामे साधी आहेत. बासन सापडले तर घाईने उलगडू नये. कडक झालेली घडी ओढली की तुकडा पडतो. चिकटपट्टी लावू नये, कागद प्लॅस्टिकमध्ये बंदिस्त करू नये, उन्हात वाळत घालू नये. कोरड्या मऊ कपड्याने धूळ झटकून स्वच्छ सुती कापडात पुन्हा बांधावे. रुमालातील कागदांचा क्रम मोडू नये, कारण शेजारचा कागद हाच अनेकदा पहिल्याचा अर्थ सांगतो. दिवसाच्या उजेडात सरळ वरून छायाचित्र घ्यावे, आणि पाठीचेही घ्यावे. पोच, तारीख, शेरा पाठीवर असतो. मूळ कागद अनोळखी माणसाच्या हाती सोपवू नये. आणि गावातल्या निदान दहा तरुणांनी मिळून मोडीचा वर्ग चालवावा. दहातले दोन टिकले, तरी त्या परिसराची सोय झाली.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद सर्वांनी साजरा केला. पण ज्या भाषेचा बहुतांश जुना कागद तिच्याच लेकरांना वाचता येत नाही, तिचा सन्मान अपुरा राहतो. देवगिरीच्या छायेत आणि नाथांच्या शेजारात राहणाऱ्या या भागाने ती उणीव भरून काढण्यास आरंभ करावा. पुढच्या दिवाळीत सूनबाई गाठोडे हातात घेऊन जेव्हा विचारील, "याचे काय करायचे?", तेव्हा घरातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने पुढे होऊन म्हणावे, "थांबा, आधी वाचू या."